आयोडीनचा थेंब

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला जो मनुष्य बोट लावतो, त्याला मनुष्ययोनीत जन्म देताना विधात्याची काहीतरी नजरचूक झाली असावी, असे काचताईंचे स्पष्ट मत होते. आणि एकतीस वर्षांच्या सेवेत हे मत बदलावे असा एकही प्राणी त्यांच्या दृष्टीस पडला नव्हता. महाविद्यालयाच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या साहाय्यिका होत्या. काचपट्ट्या धुणे, पुसणे, मोजून देणे, मोजून परत घेणे आणि फोडणाऱ्याचा यथासांग उद्धार करणे, हे त्यांचे नित्यकर्म. त्यावरूनच विद्यार्थ्यांच्या कुठल्याशा तुकडीने त्यांना हे नाव बहाल केले होते, आणि आता त्यांचे खरे नाव हजेरीपटाखेरीज कोठेही उरले नव्हते.

विद्यार्थ्यांना त्या तुच्छ लेखीत, हे ओघानेच आले. परंतु विद्यार्थी हा निदान अज्ञ असतो आणि आपण अज्ञ आहोत हे त्याच्या तोंडावर दिसते. विभागप्रमुखांची गोष्ट वेगळी होती. गेली बारा वर्षे ते कुलगुरू होण्याच्या बेतात असल्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना 'भावी' म्हणत. पेशी हा त्यांचा आवडता विषय. वर्गाच्या दाराआड काचपट्ट्या पुसत बसलेल्या काचताईंना ते व्याख्यान आता पाठ झाले होते. पेशी हे एक राज्य. प्रद्रव्यपटल ही त्याची तटबंदी, कोणाला आत घ्यावे आणि कोणाला नाही हे ठरवणारी. तंतुकणिका ही वीजघरे. गॉल्गी संकुल हे टपालखाते, तयार झालेला माल बांधून पत्ते घालून पाठवणारे. लयकारिका हे झाडूवाले. आणि मधोमध, सिंहासनावर, केंद्रक हा राजा! 'राजा' म्हणताना भावींचा हात नकळत स्वतःच्या कोटाच्या गुंडीकडे जाई.

"राजा म्हणे!" काचताई काचेवर फुंकर घालीत पुटपुटत. "या माणसाला मुंगीच्या वारुळाचं वर्णन करायला सांगा, तिथेही खुर्ची टाकून बसेल."

आणि या राजपुरुषाने गेल्या वीस वर्षांत सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला डोळा लावलेला नव्हता. मानेचा त्रास आहे, असे ते सांगत. प्रात्यक्षिक परीक्षेत ते लाल पेन्सिल घेऊन टेबलाशी बसत, उमेदवारांनी आपापली आकृती आणून दाखवायची, आणि मागच्या भिंतीवरील तक्त्याशी ती जुळते की नाही एवढे पाहून ते गुण देत. काचेवर काय आहे, हे पाहायला ते उठले आहेत असे कोणी पाहिले नव्हते.

काचताईंनी हे फार पूर्वी ओळखले होते, आणि या मूर्खपणाचा त्यांनी रीतसर उपयोग करून घेतला होता. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक आदर्श आकृती चिकटवलेली असे. गरजू उमेदवारास ते दार उघडून दाखवले जाई. "पाठ कर, काढ, सुटलास. काच शोभेला." त्यातूनही कोणी काच पाहिलीच, तर काही विपरीत दिसू नये म्हणून त्यांनी दुसरा एक नियम घालून ठेवला होता. काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा असो, गालाच्या आतली खरवड असो वा पाणवनस्पतीचे पान असो, वर आयोडीनचा एक थेंब पडलाच पाहिजे. आयोडीनने केंद्रक तपकिरी होऊन स्पष्ट उठते, बोट दाखवायला काहीतरी मिळते आणि पुढचे प्रश्न टळतात. एकतीस वर्षांत या नियमाला अपवाद झाला नव्हता.

तथापि, काचताईंच्या तिरस्कारात अग्रपूजेचा मान विद्यार्थ्यांचाही नव्हता आणि भावींचाही नव्हता. तो होता त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचा.

भाऊ शिंपी होता. शिंप्याच्या हातून जेवढी चूक व्हावी तेवढी त्याने लग्नातच करून घेतली, असे काचताई म्हणत. भावजय दवाखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत अकरा वर्षे बाटल्या आणि नळ्या धूत होती. काम चोख, बोलणे थोडे, आणि काचताईंच्या मते डोके त्याहून थोडे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिने मनावर घेतले की आपण तंत्रज्ञ व्हावे. दवाखान्यातील डॉक्टरबाईंनी तिला शब्द दिला होता. सूक्ष्मदर्शकाशेजारची एक जागा रिकामी आहे, निकाल लागेपर्यंत ती तुझी. नापास झालीस तर बाहेरचा माणूस येईल. काचताईंच्याच महाविद्यालयातील सायंवर्गाला ती दोन वर्षे बसली, लेखी परीक्षा पहिल्याच फटक्यात सुटली, आणि प्रात्यक्षिकात दोनदा नापास झाली. नियम तीन संधींचा होता. तिसरी उद्या होती. उद्या गेली की जन्मभर बाटल्या.

आदल्या संध्याकाळी काचताई भावाच्या घरी गेल्या त्या आकृती घेऊनच. स्वयंपाकघरातील मेजावर मेणकापड अंथरलेले होते. खिडकीत पाण्याच्या पेल्यात पाणवनस्पतीची एक फांदी उभी होती. शेजारच्या खोलीत शिलाई यंत्र चालू होते.

"हे बघ," काचताईंनी कागद मेजावर आपटला. "डोळे मिटून काढता आली पाहिजे. मध्ये केंद्रक, कोटाच्या बटणाएवढं, गोल. भोवती पाच तंतुकणिका. सहा झाल्या तर चालतील, चार काढू नकोस, तो माणूस पेन्सिलीच्या टोकानं मोजतो. हे गॉल्गी संकुल, घडी घातलेल्या चादरींची चळत काढायची. कळलं?"

भावजयीने कागद नीट सरळ केला. "वन्सं, पण हे दिसतं कुठं?"

"कशात?"

"सूक्ष्मदर्शकात. मी दोन्ही वेळेला नीट पाहिलं. भिंत दिसते, हिरवे कण दिसतात. तंतुकणिका काही दिसत नाहीत."

"दिसत नाहीतच. आपल्या त्या यंत्रातून कुणाच्या बापाला दिसायच्या नाहीत. काढायच्या."

"न दिसता?"

"लग्नाआधी माझ्या भावात तुला काय दिसलं होतं? तरी केलंसच ना?"

शेजारचे यंत्र थांबले. "ताई, मी ऐकतोय हं."

"तू ऐकावंस म्हणूनच बोलले. शीव तू."

"शिवतोय. पण तिला नापास व्हायची सवय लागलीय, एकदम मोडू नकोस, आजारी पडेल."

भावजय हसली. नवऱ्याच्या थट्टेला ती नेहमीच हसे, आणि तिच्या बुद्धीविषयी काचताईंना अधिक पुरावा नको होता. मग ती खिडकीतल्या पेल्याकडे पाहत म्हणाली, "आणखी एक विचारायचं होतं. ते आयोडीन घालायलाच हवं का? मी या फांदीचं पान रोज दवाखान्यात नेते. दुपारच्या सुट्टीत डॉक्टरबाई बघू देतात. उन्हात जरा ऊब लागलेलं पान असलं ना, वन्सं, की ते हिरवे कण..."

"हिरवे कण काय करतात हे तुला कुणी विचारलंय? आयोडीन टाकायचं, केंद्रक तपकिरी होतं, विषय संपला. दोनदा तोंडघशी पडलीस तरी तिसऱ्यांदा डोकं चालवायची हौस आहेच!"

भावजय पेन्सिलीला टोक करू लागली. तिचे हे न भांडणे काचताईंना विशेष असह्य होई. भांडणाऱ्या माणसाला निदान खाली पाडता येते.

दुसऱ्या दिवशी एकोणीस उमेदवार होते. प्रत्येकापुढे एक सूक्ष्मदर्शक, एक काचपट्टी, पाण्यात तरंगणारे एक पान आणि काचताईंनी स्वहस्ते भरलेली आयोडीनची कुपी. कुपीच्या तोंडात कापसाचा बोळा. खिडकीपाशी भावजयीची जागा आली होती. बसल्या बसल्या तिने आपल्या पानाची बशी सरकवून उन्हात ठेवली आणि हातावर हात घेऊन स्वस्थ राहिली. इतरांच्या माना वाकल्या, कागदांवर बटणाएवढी केंद्रके उमटू लागली, तरी ही आपली पानाकडे पाहत बसलेली. काचताई फेरी मारता मारता तिच्यापाशी आल्या. काचपट्टी आता यंत्राखाली होती. कुपीतला बोळा जसाच्या तसा होता.

"आयोडीन!" त्या दातांतून म्हणाल्या.

"नको, वन्सं."

परीक्षेत याहून अधिक बोलता येत नव्हते. गेली, काचताईंच्या मनात आले. ही बाई जन्माला बाटल्या धुण्यासाठीच आली आहे. आपण उगीच पायपीट केली.

यथावकाश भावींच्या टेबलापुढे रांग लागली. लाल पेन्सिल तंतुकणिकांवरून टकटक करीत गेली. एका उमेदवाराच्या काचपट्टीवर तर पानच नव्हते. ते त्याच्या बाहीला चिकटले होते आणि काचताईंना ते दुरूनही दिसत होते. त्याच्या आकृतीत मात्र सहा तंतुकणिका होत्या. त्याला पंचवीसपैकी बावीस गुण मिळाले. काचताईंनी भावींकडे पाहिले आणि बुरशीच्या बशीकडे ज्या नजरेने पाहत, ती नजरही या कामी वाया घालवू नये म्हणून ती परत फिरवली.

शेवटी भावजय उभी राहिली. भावींनी तिचा कागद हातात धरला, लांब केला, जवळ आणला.

"बाई, ही वीट काढलीय की पेशी?"

"पेशी, साहेब."

"केंद्रक?"

"ते तिथं, कडेला. फिकट दिसलं म्हणून फिकट काढलंय."

"राजा, आणि कडेला!" भावी रांगेकडे पाहून म्हणाले. रांग कर्तव्य म्हणून हसली. "मग सिंहासनावर कोण बसलंय?"

"मध्ये रिक्तिका आहे, साहेब, रसानं भरलेली पिशवी. बहुतेक सगळी जागा तिनंच घेतलीय. बाकीचं कडेकडेनं."

"तंतुकणिका नाहीत. गॉल्गी संकुल नाही. आणि हे बाण कसले? रहदारीचा नकाशा आहे का?"

या वेळी हसू खरोखरीचे होते. भावजयीने ते संपू दिले. "हिरवे कण त्या बाजूनं जातात. एक कण फिरून पुन्हा त्याच कोपऱ्याशी यायला पाऊण मिनिट लागलं. खाली लिहिलंय मी."

लाल पेन्सिल कागदाच्या कोपऱ्यात टेकली.

काचताईंचे कान तापले. भावजय मूर्ख होती, हे त्यांना मान्यच होते. पण तिला मूर्ख ठरवण्याचा अधिकार घरचा होता, तो या कोटाला कोणी दिला? तरीही त्या खिडकीपाशी गेल्या त्या भावजयीची बाजू घ्यायला नव्हे. काचेखाली हवेचा बुडबुडा अडकला असणार, त्यालाच ही पेशी समजली असणार, आणि रात्री जेवताना तो बुडबुडा हिच्या ताटात वाढता येईल, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी नेत्रिकेला डोळा लावला.

बुडबुडा नव्हता.

विटांच्या भिंतीसारख्या एकाला एक लागून पेशी होत्या, आणि मधल्या पेशीत हिरवे कण चालले होते. हळूहळू, एकामागून एक, भिंतीच्या कडेने. कोपऱ्याशी किंचित अडखळून, गर्दी करून, पुन्हा सुटे होऊन. मधल्या विस्तीर्ण रिक्तिकेला वळसा घालून ते परत येत आणि पुन्हा निघत. त्यांना कोणी हाकीत नव्हते. ज्या पेशीद्रव्यात ते तरंगत होते, तेच वाहत होते. आणि ज्याला राजा म्हणत, ते फिकट केंद्रकही भिंतीला अंग चोरून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत उभे होते. प्रत्येक हिरव्या कणात त्या क्षणी उजेडाचे अन्न होत होते. डोळ्याला न दिसणाऱ्या तंतुकणिका कुठेतरी ते अन्न जाळून हे सारे चालवीत होत्या. एवढ्याशा जागेत एवढे सगळे, आणि कोणाच्याही देखत मिरवायची हौस नाही.

काचताईंनी असे काही पूर्वी पाहिले नव्हते. कसे पाहणार? आयोडीनचा थेंब पडला की पेशी मरते, हे त्यांना ठाऊक होते. हे ठाऊक असूनच त्यांनी एकतीस वर्षे, प्रत्येक तुकडीला, प्रेते वाटली होती. आणि ती स्वच्छ काचेवर मांडली एवढ्यावर स्वतःला इतरांहून श्रेष्ठ मानले होते. काल मेजापाशी हेच ती बाई सांगू पाहत होती. एवढा मोठा तिरस्काराचा साठा जवळ बाळगलेल्या बाईंना, त्यातला योग्य तो वाटा स्वतःच्या पदरी घालताना क्षणभर हात जड झाला. मग त्या सरळ झाल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "जरा काच बघता का?"

भावींनी पेन्सिल उचलली. "आकृती पुरेशी आहे."

"निरीक्षण करून आकृती काढा, असं प्रश्नपत्रिकेत छापलंय. तुम्हीच छापलंय. मग निरीक्षण कुणीतरी तपासायला नको?"

अठरा उमेदवार पाहत होते. भावी उठले. मान धरून, चष्मा काढून, देवळाच्या ठेंगण्या दारातून जावे तसे ते वाकले आणि डोळा नेत्रिकेवर घट्ट दाबून बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर विद्वत्तेचे तेज परतले.

"हं! पाहा. हे तंतू पाहा. जाड, वाकडे, काळसर. पेशीला आतून आधार देणारा सांगाडा तो हाच. आणि ते मधूनमधून फडफडताहेत! बाई, एवढी ठळक रचना तुमच्या आकृतीत कुठंच नाही. याला निरीक्षण म्हणतात?"

भावजयीने वाकून त्यांच्या डोळ्याकडे पाहिले. तिच्या आवाजात थट्टेचा लेशही नव्हता.

"साहेब, त्या तुमच्या पापण्या आहेत."

"पहिल्या दिवशी मलाही दिसल्या होत्या," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "मी तर वहीत काढल्यासुद्धा, नावं देऊन. होतं असं सुरुवातीला. डोळा इतका टेकवायचा नाही. थोडा मागं घ्या, आणि हा बारीक स्क्रू हळूच फिरवा. हं, आता."

कोणाच्या तरी नाकातून पहिला आवाज निसटला आणि मग रांगेला आवरणे कोणाच्याच हाती राहिले नाही. भावींना मात्र ते ऐकू आले नसावे, कारण आता त्यांना दिसत होते. त्यांचे तोंड किंचित उघडले. त्या अर्ध्या मिनिटापुरते ते कुलगुरूही नव्हते आणि भावीही नव्हते, आणि काचताईंच्या मते त्यांच्या हयातीतले तेवढेच अर्धे मिनिट जमेस धरण्यासारखे होते. मग त्यांनी चष्मा चढवला.

"पेशीद्रव्याचा प्रवाह. हे मला ठाऊक होतं."

"ठाऊक असणारच," काचताई इतक्या आदराने म्हणाल्या की भावींना त्यांच्याकडे पाहवले नाही.

"पण तंतुकणिका नाहीत, त्याचं काय?" ते टेबलाकडे वळत म्हणाले. "पेशीत तंतुकणिका नसतात, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"असतात, साहेब. नसत्या तर हे फिरणं झालं नसतं. त्यांचं काम काय ते तुम्ही विचाराल तितकं सांगते. पण मला त्या दिसल्या नाहीत." भावजयीला लांब बोलायची सवय नव्हती. "न दिसलेलं आज इथं काढलं, तर उद्या दवाखान्यात कुणाच्या तरी रक्तातही न दिसलेलं लिहीन. तो माणूस ते खरं समजेल."

भावींनी टेबलावरचा कागद ओढला. लाल पेन्सिल बराच वेळ हवेत राहिली. अठरा जोडी डोळे तिच्या टोकाला लागले होते. उत्तीर्ण व्हायला दहा हवे होते. भावींनी अकरा लिहिले, खाली 'आयोडीन वापरले नाही' असा शेरा मारला आणि सही केली.

बाहीला पान चिकटवून आलेल्याला बावीस, आणि जिवंत पेशी दाखवणारीला अकरा! माणसाचा कोतेपणा मोजायला भिंग लागत नाही, असे काचताईंना वाटले. पण अकरा हे दहाच्या वर होते, आणि सही झालेली होती. दवाखान्यातली ती जागा आता बाहेरच्या माणसाला मिळायची नव्हती. भावींचे जुने नाव मात्र त्या दिवशी संपले. रांग दाराबाहेर पडायच्या आत त्यांचे नाव 'पापणी' झाले होते, आणि त्या नावाला निवृत्तीखेरीज उतारा नव्हता.

प्रयोगशाळा रिकामी झाली. काचताईंनी अठरा काचपट्ट्या बादलीत टाकल्या. एकोणिसावी यंत्राखाली तशीच होती. त्या तिच्यापुढे बसल्या. भावजय मदतीला म्हणून मागे येऊन उभी राहिली.

"पास झालीस म्हणून हुरळून जाऊ नकोस," काचताई डोळा न काढता म्हणाल्या. "रेघा जाड काढतेस."

"हो, वन्सं."

"आणि माणसाला त्याच्या पापण्या चारचौघांत दाखवायच्या नसतात."

"मग कशा दाखवायच्या?"

काचताईंनी विचारले, "किती वेळ चालतं हे?"

"पाणी सुकू दिलं नाही तर बराच वेळ. कडेनं एकेक थेंब सोडत राहायचं. साध्या पाण्याचा."

"ते मला शिकवू नकोस." असे म्हणून त्यांनी पाण्याच्या नळीसाठी हात मागे केला. भावजयीने ती हातात दिली. थेंब काचेखाली सरकला; हिरवे कण चालत राहिले. अधिक जवळून पाहावे म्हणून काचताईंनी चाचपडत मोठे भिंग फिरवून आणले. घाईत त्यांची नजर नेत्रिकेवरून हललीच नाही.

"वन्सं," भावजय हलकेच म्हणाली, "भिंगाला बोट लागलं तुमचं."

"लागलं तर लागलं," काचताई म्हणाल्या. "बाजूला हो. उजेड अडवतेस."